सील किट टाकूनही लोडरचा जॅक पुन्हा गळतो, आर्म बसतो तेव्हा

बॅकहो लोडरच्या पुढच्या आर्मला दोन लिफ्ट सिलेंडर असतात. साइटवर सगळे त्यांना जॅकच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द. जॅकची बाहेरची नळी म्हणजे बॅरल, तिच्या आत सरकतो तो पिस्टन, पिस्टनला जोडलेला दांडा म्हणजे रॉड, रॉड जिथून बाहेर येतो ते बॅरलचं झाकण म्हणजे ग्लँड, आणि टोकाची पिनची भोकं म्हणजे डोळे. ऑइल अडवणाऱ्या कड्यांचा संच म्हणजे सील किट. खालची तपासणी मुख्यतः या दोन जॅकसाठी आहे.

लक्षणं

भरलेली बकेट वर धरून लिव्हर न्यूट्रलला सोडला, तरी आर्म हळूहळू खाली बसतो. किंवा ग्लँडपाशी रॉड ओला दिसतो आणि खाली थेंब पडतात. किंवा लिव्हर उचलण्याच्या दिशेला नेताच आर्म आधी जरासा खाली येतो आणि मग वर जातो. किंवा सकाळी मशीन ठीक चालतं, पण दुपारी ऑइल तापलं की उचल कमी होते. किंवा आर्म झटके देत वर जातो आणि हायड्रॉलिक ऑइलच्या टाकीत फेस दिसतो.

आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार: महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच सील किट टाकलं आणि गळती परत सुरू.

रॉडवर ऑइलचा पातळ थर असणं हा बिघाड नाही. तो थर नसेल तर सील कोरडं घासतं. रॉडवर धुळीचा बारीक पट्टा बसतो, तोही चालेल. थेंब तयार होऊन खाली पडला, की ती गळती.

सील किट हा या दुखण्यावरचा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. चांगलं सील हजारो तास चालतं. ते दोन महिन्यांत गेलं तर त्याला मारणारी गोष्ट मशीनमध्येच बसलेली आहे. ती शोधल्याशिवाय तिसरं किट टाकलं तर तेही तसंच जाईल.

हात लावण्याआधी

उचललेल्या आर्मखाली जायचं असेल तर जॅकच्या रॉडवर सेफ्टी स्ट्रट (आर्म खाली येऊ न देणारा लोखंडी आधार) बसवूनच जा. स्ट्रट हरवला असेल तर लाकडाचे ठोकळे किंवा दुसऱ्या मशीनची बकेट त्याची जागा घेऊ शकत नाही. ज्या तपासण्यांना आर्म वर लागतो, त्या मग करूच नका.

पाइप सोडण्याआधी इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, सगळे लिव्हर चार-पाच वेळा दोन्ही बाजूंना हलवा आणि टाकीचं झाकण सैल करा. तरीही नट एकदम पूर्ण उघडू नका. अर्धा आटा सैल करून थांबा, दाब निघून जाऊ द्या.

गळती हाताने चाचपू नका. या यंत्रणेत दाब साधारण २०० ते २५० बारपर्यंत जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेली धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. संशयित जागेवरून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, ऑइलचा डाग पुठ्ठ्यावर उमटेल. ऑइल कातडीत शिरलंच, तर बाहेरून फक्त लाल ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘जास्त दाबाचं हायड्रॉलिक ऑइल आत शिरलंय’ हे स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागू शकतो.

१. पुसा आणि बघा

खर्च एका फडक्याचा. दोन्ही जॅक, होज पाइप आणि सगळे जोड डिझेलच्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. दहा वेळा आर्म वर-खाली करा, इंजिन बंद करा आणि ऑइल सगळ्यात वरती कुठे उमटलंय ते पाहा. ऑइल खाली ओघळतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळती होते ती जागा वेगळी असू शकते. वरच्या होजच्या जोडातली काही रुपयांची ओ-रिंग गेलेली असते आणि सगळा जॅक उतरवला जातो, असं पुष्कळदा होतं.

ग्लँडच्या बाहेरच्या कडेने, म्हणजे ग्लँड आणि बॅरल यांच्यामधून ऑइल येत असेल, तर बाहेरची ओ-रिंग किंवा तिची बॅकअप रिंग (ओ-रिंगला आधार देणारी कडक कडी) गेली आहे. रॉडला चिकटून येत असेल तर रॉड सील. दोन्हींचं कारण वेगळं असतं, म्हणून हा फरक वहीत लिहून ठेवा.

२. ऑइल

आर्म आणि बकेट जमिनीवर ठेवून पातळी पाहा. मग थोडं ऑइल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर उभं ठेवा. दुधाळ दिसलं किंवा तळाला पाण्याचा थर बसला, तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ते बहुधा टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या झाकणातून) आणि प्रेशर वॉशरच्या फवाऱ्यातून येतं. शंका राहिली तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतो. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे ऑइल प्रमाणाबाहेर तापलंय. साधारण ८० अंशांच्या वर ऑइल सतत राहिलं की नेहमीची सील कडक होऊ लागतात. मग आधी कूलरच्या जाळीतली धूळ आणि गवत काढा. धातूची चमकी दिसली तर पंप किंवा दुसरा एखादा भाग झिजतोय, आणि ती चमकी नव्या सीलला पॉलिश पेपरसारखी घासणार.

ऑइलचा नंबर, म्हणजे घट्टपणाचा, मशीनच्या पुस्तकात असेल तोच. आपल्याकडच्या उन्हात बहुतेक ठिकाणी ४६ किंवा ६८ चालतं. दोन कंपन्यांचं मिसळू नका, आणि ‘आज भागवू’ म्हणून इंजिन ऑइल तर मुळीच ओतू नका.

ऑइल खराब असेल तर रिटर्न फिल्टर, ब्रीदर आणि ऑइल बदलूनच पुढे जा.

३. लिव्हर खरंच न्यूट्रलला येतो का

हे कोणी बघत नाही आणि फुकटात होतं. लिव्हर ज्याला हलवतो त्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलपाशी (ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या सरकत्या दांडीपाशी) चिखल साठतो, रबराचा बूट फाटतो, लिंकेज वाकतं किंवा केबल जड होते. लिव्हर सोडल्यावर स्पूल एखादा मिलिमीटर जरी अलीकडे राहिला, तरी ऑइलला वाट मिळते आणि आर्म बसतो. आर्म बसत असताना लिव्हर हलकेच न्यूट्रलकडे ढकला. बसणं थांबलं तर जॅकला दोष नाही. लिंकेज धुवा, ग्रीस करा, मोकळं करा.

आर्म उचलताना आधी खाली दबून मग वर जात असेल, तर तो जॅकचा दोष नव्हे. व्हॉल्व्हमधला लोड चेक व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. जॅकमध्ये भाराचा दाब असतो, पंपाचा दाब तेवढा चढेपर्यंत ऑइल उलटं वाहू नये हे त्याचं काम. त्याच्या बैठकीवर कचरा अडकला किंवा स्प्रिंग तुटली की हे लक्षण दिसतं. सील किट टाकून ते कधीच जाणार नाही.

४. आर्म किती बसतो ते मोजा

‘बसतो’ यावर दुरुस्ती ठरवू नका. अर्धा तास काम करून ऑइल तापवा. बकेटमध्ये ठरावीक माल भरा, आर्म मध्यावर धरा, इंजिन बंद करा. आसपास कोणी नको. ग्लँडपासून रॉडच्या डोळ्यापर्यंतचं अंतर कॅबच्या बाजूने दिसेल अशी खूण करून ठेवा आणि दहा मिनिटांत रॉड किती मिलिमीटर आत गेला ते नोंदवा. चालेल अशी मर्यादा मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. आकडा वहीत तारखेसह लिहा, दर महिन्याला त्याच मालावर आणि तितकंच ऑइल तापवून पुन्हा मोजा.

रात्री वर ठेवलेला आर्म सकाळी खाली दिसला, यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. ऑइल थंड होताना आकसतं, दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के. संध्याकाळी ६० अंशांवर असलेलं ऑइल पहाटे २५ अंशांवर आलं, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के घट. जॅकमध्ये ७०० मिलिमीटर लांबीचं ऑइल असेल तर रॉड साधारण १७ मिलिमीटर आत जाणारच, आणि बकेटच्या टोकाला ते कितीतरी जास्त दिसतं. तसंही मशीन रात्री उभं करताना बकेट जमिनीवरच टेकवायची असते.

५. पिन आणि बुश

बकेट जमिनीवर, इंजिन बंद. जॅकच्या दोन्ही टोकांच्या पिनांपाशी पहारीने उचकटून पाहा. ठकठक आवाज येऊन डोळा स्पष्ट हलत असेल तर पिन-बुश (पिन आणि तिच्याभोवतीची धातूची बाही) गेलं. मग जॅक सरळ रेषेत ढकलत नाही, तिरका ढकलतो. १०० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक २०० बारला सुमारे १६ टन जोर लावतो. त्यातला थोडासा भाग जरी आडवा गेला तरी रॉड ग्लँडच्या बुशवर एका बाजूने दाबला जातो. बुश अंडाकृती होतं आणि रॉड सीलला एका बाजूने फट पडते. नवं सील ती फट भरू शकत नाही.

वारंवार सील जाण्याच्या कारणांत हे कारण सगळ्यात वर आहे. ग्रीस रोज, काम सुरू करण्याआधी, आणि निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत. निपल चोंदलं असेल तर बदला.

६. रॉड

रॉड पूर्ण बाहेर येईल अशा जागी आर्म नेऊन स्ट्रट लावा. रॉड पुसा आणि नख लांबीच्या दिशेने आणि आडवं, दोन्हीकडे फिरवा. नख अडकलं तर ती रेघ सीलचा ओठ कापते. लांबीच्या दिशेची रेघ सर्वांत वाईट, कारण ती ऑइलला सरळ बाहेर येण्याची नाली करून देते. गंजाचे खड्डेही पाहा. कोकण किनाऱ्यावरच्या मशीनवर ते लवकर येतात. मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर रॉड जितके आत जातील तितके आत घ्या आणि उघड्या भागावर ग्रीस लावा.

रॉडवर बारीक काळे टोचे दिसले तर वेल्डिंगबद्दल विचारा. साइटवर बकेटला पट्टी वेल्ड करताना अर्थचा चिमटा चॅसीला लावला, की करंट पिन, बुश आणि रॉडमधून जातो. जिथे ठिणगी उडते तिथे रॉडवरच्या क्रोमच्या थराला टोचा पडतो. अर्थ नेहमी वेल्डिंगच्या जागेला लागूनच, त्याच भागावर. आणि वेल्डिंगचे शिंतोडे उडू नयेत म्हणून रॉडवर ओलं पोतं.

रेघेची फक्त वर आलेली धार बारीक ऑइल-स्टोनने खाली घेता येते. पॉलिश पेपर वापरायचाच असेल तर रॉडभोवती फिरवा, लांबीत ओढू नका. लांबीत ओढला की आपणच नव्या नाल्या पाडतो. क्रोमचा थर साधारण २० ते ३० मायक्रॉनचा असतो, त्यामुळे ‘घासून काढू’ याला जागा फारच थोडी. क्रोम उचललेला असेल किंवा खाली लोखंड दिसत असेल, तर इथे थांबा. तो रॉड हार्ड क्रोम करणाऱ्याकडे जायला हवा.

७. पिस्टन सील: ग्लँड गळते, दोष आत असतो

इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

आर्म भार धरून उभा असतो तेव्हा दाब पिस्टनखालच्या बाजूला असतो. रॉडच्या बाजूला जवळजवळ काहीच दाब नसतो. म्हणजे आर्म वर धरून इंजिन बंद केल्यावर ग्लँडमधून सतत ठिबकत असेल, तर तो दाब रॉडच्या बाजूला आला कुठून? पिस्टन सील ओलांडून. अशा जॅकला फक्त ग्लँडचं सील बदललं तर ते टिकत नाही.

हिशेब पाहा. ८० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर रॉड. पिस्टनचं क्षेत्र सुमारे ५० चौरस सेंटिमीटर, रॉडचं सुमारे २०. सील चांगलं असताना भार ६० बारवर धरला जातो. पिस्टन सील फुटलं आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद असेल, तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि भार फक्त रॉडच्या क्षेत्रावर येतो. मग दाब १५० बारपर्यंत चढतो. जिथे जवळजवळ शून्य असायला हवं तिथे ग्लँड आता १५० बार अडवतेय.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. व्हॉल्व्ह पक्का असेल आणि ग्लँड कोरडी असेल, तर नुसतं पिस्टन सील गेलं म्हणून आर्म फार खाली येऊ शकत नाही, कारण आत शिरणाऱ्या रॉडला जागा करायला ऑइल बाहेर जावं लागतं. ग्लँड कोरडी आणि आर्म मात्र सारखा बसतोय, तर ऑइल व्हॉल्व्हमधून जातंय. तेव्हा जॅक उघडण्याआधी व्हॉल्व्हकडे बोट दाखवा.

चाचणी अशी. बकेट रिकामी, आर्म पूर्ण वर, स्ट्रट बसवलेला, इंजिन बंद, दाब काढलेला. एका जॅकचा रॉडच्या बाजूचा होज सोडा. होजच्या तोंडाला बरोबर आट्याचा स्टीलचा प्लग लावा. जॅकचं तोंड उघडंच ठेवा आणि त्याला नळी जोडून बादलीत सोडा. जॅकचं तोंड प्लग करू नका: खालून २०० बार दिला तर अडकलेल्या ऑइलचा दाब सव्वातीनशे बारच्या वर जातो आणि ग्लँड उडू शकते. मग ऑपरेटर कॅबमध्ये, दुसरा माणूस बाजूला लांब. इंजिन आयडलवर, लिव्हर उचलण्याच्या दिशेला, रॉड टोकाला जाईपर्यंत. आधी थोडं ऑइल येईल, ते आतलं उरलेलं. टोकाला गेल्यावर एक मिनिट लिव्हर धरून ठेवा. एखाद-दुसरा थेंब आला तर सील ठीक. धार चालूच राहिली तर पिस्टन सील गेलं. मग दुसऱ्या जॅकला तेच.

८. जॅक उघडणं

ग्लँडला पिन स्पॅनर किंवा सी-स्पॅनर लागतो. छिन्नी-हातोड्याने ग्लँड फिरवली की आटे बसतात आणि पुढच्या वेळी ती निघतच नाही. आधी लॉकचा ग्रब स्क्रू शोधून काढा. रॉड ओढताना दोन्ही पोर्ट उघडे हवेत. कॉम्प्रेसरची हवा भरून पिस्टन बाहेर काढू नका, तो गोळीसारखा सुटतो.

जुनी सील फेकण्याआधी नीट पाहा, आजार त्यांच्यावर लिहिलेला असतो. कडक होऊन तडकलेलं सील उष्णता सांगतं. एकाच बाजूने झिजलेलं असेल तर आडवा जोर, म्हणजे पिन-बुश किंवा वाकलेला रॉड. कडा चावल्यासारख्या तुटल्या असतील तर बुश झिजून फट वाढलीय किंवा बॅकअप रिंग चुकीच्या बाजूला होती. फुगून मऊ झालं असेल तर चुकीचं ऑइल किंवा आत राहिलेलं डिझेल. कडा जळून काळ्या पडल्या असतील तर ऑइलमध्ये हवा होती. बुडबुडे एकदम दाबले जाऊन इतके तापतात की ऑइलची वाफ पेट घेते. ओठावर एकच स्वच्छ काप असेल, तर तो बसवताना आट्यांवर घासून झालेला आहे.

बॅरल आतून टॉर्चने पाहा, बोट फिरवा. लांब ओरखडा बोटाला लागला तर किट टाकून उपयोग नाही, होनिंग (बॅरल आतून घासून गुळगुळीत करणं) किंवा नवा बॅरल. रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाक मोजा. सर्वसाधारणपणे मीटरला ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

बसवताना रॉड सीलचा ओठ आतल्या बाजूला, ऑइलकडे. वायपर, म्हणजे रॉडवरची धूळ पुसणारं सील, त्याचा ओठ बाहेर, धुळीकडे. बॅकअप रिंग ओ-रिंगच्या दाब नसलेल्या बाजूला. पिस्टनची टेफ्लॉन रिंग गरम ऑइलमध्ये मऊ करून ताणा, मग बँड बांधून मूळ मापाला येईपर्यंत ठेवा. स्क्रूड्रायव्हरने कुठलंही सील ढकलू नका. रॉडच्या टोकाच्या आट्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळून, सगळ्याला स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल लावून मगच ग्लँड चढवा आणि मग टेप काढा. पिस्टनचा नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्याला. ‘चांगला आवळला’ हे इथे माप नाही: तो सुटला तर पिस्टन रॉडवरून निघतो आणि आर्म कोसळतो. आणि किट दोन्ही जॅकना एकाच वेळी. दोघांचे तास सारखेच झालेले असतात.

कुठे थांबायचं

बॅरल कुठेही फुगलेला दिसला, डोळ्याच्या वेल्डिंगला तडा दिसला, रॉड वाकलेला असला, किंवा वरच्या चाचण्यांनी दोष कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये निघाला, तर काम अधिकृत सर्व्हिसकडे किंवा हायड्रॉलिक टेस्ट बेंच असलेल्या वर्कशॉपकडे द्या. स्पूल आणि त्याचं भोक मायक्रॉनच्या मापात जुळवलेलं असतं, घरी घासून ते सुधारत नाही. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून घेतला तरी क्रोमला बारीक तडे जाण्याचा धोका राहतो. फुगलेल्या बॅरलला किंवा तडा गेलेल्या डोळ्याला गल्लीतल्या वेल्डरकडून टाके मारून घेऊ नका. ऑइल असलेला बंद सिलेंडर वेल्ड करताना फुटू शकतो. उचल कमी वाटते म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) आवळणं तर कोणीच करू नये. गेज न लावता वाढवलेला दाब होज, ग्लँड आणि पंप तिन्ही मारतो.

जॅक परत बसवल्यावर इंजिन आयडलवर ठेवून, बकेट रिकामी, आर्म हळू वर-खाली करा. पहिल्या तीन-चार फेऱ्या पूर्ण टोकाला नेऊ नका, हवा निघू द्या. मग पाच-सहा पूर्ण फेऱ्या, पातळी पुन्हा भरा, फेस बसेपर्यंत थांबा. अर्धा तास काम करून ग्लँड पुसा आणि चौथ्या मुद्द्यातलं दहा मिनिटांचं माप पुन्हा घ्या. पहिल्या पन्नास तासांनंतर ते अजून एकदा.